मेंढ्यांतील चिवट विषाणुजन्य रोग व कळपाचे उत्पन्न

लातूर जिल्ह्याचा बराचसा भाग बालाघाटच्या पठारावर वसलेला आहे. मांजरा व तेरणा या नद्यांच्या काठाने काळी कसदार जमीन असली, तरी माथ्यावरील माळराने मुरमाड व हलकी आहेत. याच माळरानांवर काळ्या लोकरीची दख्खनी मेंढी पिढ्यान्‌पिढ्या जगत आली आहे. येथील पाऊस बेभरवशाचा. २०१६ च्या उन्हाळ्यात तर लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते. अशा मुलखात मेंढी वाळली म्हणजे तिच्या वाळण्याचे कारण शोधण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. ‘यंदा चारा नव्हता’ एवढे उत्तर मेंढपाळाला पुरेसे वाटते, आणि विचारणाऱ्या कार्यकर्त्यालाही ते पटते.

हे उत्तर पुष्कळदा खरे असते. पण प्रत्येक वेळी ते खरे असतेच असे नाही. चाऱ्याच्या टंचाईने आलेला अशक्तपणा आणि अंगात मुरलेल्या रोगाने आलेला अशक्तपणा यांत एक ठळक फरक आहे. टंचाईत सगळा कळप एकदम उतरतो, आणि पाऊस पडून माळ हिरवा झाला की महिना-दीड महिन्यात सगळा कळप एकदम सावरतो. रोग असेल तर तसे घडत नाही. हिरव्या कुरणात इतर मेंढ्या अंग धरू लागल्या, तरी काही ठरावीक मेंढ्या मागेच राहतात. त्या चरतात, पण त्यांची पाठ भरत नाही. चालताना त्या कळपाच्या शेवटी येतात. त्यांची कोकरे दुधावाचून किरकिर करतात. अशा मेंढ्यांना प्रथम जंतांचे औषध द्यावे, कारण या भागात जंत हे झिजण्याचे सर्वांत सामान्य कारण होय. जंत पडूनही ज्या सावरत नाहीत, त्यांच्याकडे निराळ्या दृष्टीने पाहावयास हवे. त्यांच्यात जोन्सच्या रोगासारखे जिवाणूंपासून होणारे जुनाट रोग असू शकतात, तसेच विषाणूंपासून होणारेही असू शकतात. प्रस्तुत लेखात यांपैकी विषाणुजन्य रोगांचाच विचार केला आहे.

मेंढीच्या उत्पन्नाचा कणा आज कोकरू हा आहे. घोंगडीचा व्यवसाय मंदावल्यापासून दख्खनी मेंढीच्या जाड्याभरड्या लोकरीला फारसा भाव राहिलेला नाही. कातरण्याची मजुरीसुद्धा पुष्कळदा तिच्यातून सुटत नाही. सुगीनंतर शेतात मेंढ्या बसविल्याबद्दल मेंढपाळाला धान्य किंवा पैसे मिळतात, आणि शेतकऱ्याला लेंडीखत मिळते. परंतु घर चालते ते विकलेल्या कोकरांवर. म्हणून कोणत्याही रोगाचे नुकसान मोजावयाचे, तर किती मेंढ्या मेल्या एवढेच न पाहता किती कोकरे विक्रीच्या वयाला पोहोचली हे पाहिले पाहिजे.

निळी जीभ

या दृष्टीने महाराष्ट्रातील मेंढपाळाने ओळखून घ्यावा असा पहिला रोग म्हणजे ब्लूटंग, अर्थात निळी जीभ. भारतात या रोगाची पहिली नोंद आपल्याच राज्यातील आहे. महाराष्ट्रात शेळ्यामेंढ्यांमध्ये आलेल्या साथीचा वृत्तान्त सप्रे यांनी १९६४ साली पशुवैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यापूर्वी कितीतरी वर्षे दक्षिण आफ्रिकेत हा रोग ठाऊक होता. युरोपातून तेथे नेलेल्या मेरिनो मेंढ्यांना तो प्रकर्षाने होई, आणि चिलटांच्या चाव्याने तो पसरतो हे १९४४ साली तेथेच सिद्ध झाले.

रोगाचे नाव ऐकून मेंढपाळ जिभेचा रंग पाहतात आणि ती निळी नसली म्हणजे निर्धास्त होतात. ही समजूत घातक आहे. जीभ निळी पडते ती थोड्याच जनावरांची. बहुतेकांत प्रथम सडकून ताप येतो, तोंड व नाक लाल होते, ओठ आणि चेहरा सुजतो, लाळ गळते, नाकातील स्राव वाळून खपल्या धरतात. तोंडाच्या आत व्रण पडल्यामुळे मेंढी चाऱ्याला तोंड लावते आणि सोडून देते. खुराच्या वर, जेथे केस संपून नख सुरू होते, त्या कड्याला लाली व सूज येऊन ती लंगडते. काही मेंढ्या गुडघ्यांवर टेकून चरताना दिसतात. लाळ्या-खुरकुताशी या लक्षणांचा घोटाळा होणे शक्य आहे. खुरकुतात तोंडात व खुरांच्या बेचक्यात फोड येतात, निळ्या जिभेत चेहऱ्याची सूज अधिक असते. तथापि निश्चित निदान तपासणीनेच होते.

ताप आठवडाभरात उतरतो. मेंढपाळाला वाटते, संकट टळले. खरे नुकसान येथून पुढे सुरू होते. तापाच्या दिवसांत लोकरीची वाढ थांबलेली असते, त्यामुळे धाग्यात त्या ठिकाणी कमजोर जागा राहते आणि काही आठवड्यांनी लोकर पुंजक्यांनी गळू लागते. स्नायूंवर परिणाम झाल्यामुळे काहींची मान वाकडी होते, काहींना चालवत नाही. वाचलेल्या मेंढीस पूर्वीचे वजन गाठण्यास महिने लागतात. स्थिर गोठ्यात बांधलेल्या जनावराचे एकवेळ निभावते, पण रोज कोसाकोसाने चालणाऱ्या कळपात लंगड्या मेंढीला जागा नसते. वाटेत जो गिऱ्हाईक भेटेल त्याला ती मिळेल त्या दराने द्यावी लागते.

एक हिशेब करून पाहू. हा हिशेब कल्पित आहे, पण त्याची रीत खरी आहे. समजा, एका कळपात १०० माद्या आहेत आणि चांगल्या वर्षी त्यांची ८० कोकरे विक्रीच्या वयाला पोहोचतात. साथीत ३० माद्या आजारी पडल्या व ५ दगावल्या. गावात बातमी होते ती या पाचांची. परंतु उरलेल्या २५ मेंढ्यांपैकी ८ गाभडल्या. आणखी ५ जणींना दूध न आल्यामुळे त्यांची कोकरे पहिल्या महिन्यातच गेली. म्हणजे १३ कोकरे कमी झाली. मेलेल्या मेंढ्यांच्या पोटातील कोकरे यात धरलेलीच नाहीत. शिवाय जी जगली त्यांत खुरट्या बांध्याची काही निघाली आणि बाजारात त्यांचे दोन-तीन किलो वजन कमी भरले. वहीत लिहिलेले नुकसान पाच मेंढ्यांचे. प्रत्यक्षातले त्याच्या कितीतरी पट.

या हिशेबाला आपल्या भागात ऋतूचीही जोड आहे. दख्खनी मेंढ्यांचे मुख्य फळणे पावसाच्या आरंभी, जून-जुलैमध्ये होते. मेंढीचा गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा असल्यामुळे कोकरे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पडतात. रोग पसरविणारी चिलटे मात्र पावसाळ्याच्या उत्तरार्धात व त्याच्या पाठोपाठ सर्वांत जास्त असतात, म्हणजे नेमक्या ज्या दिवसांत माद्या गाभण असतात त्याच दिवसांत. ज्या वर्षी पावसाचे फळणे फुकट जाते, त्या वर्षी कळपाचे मुख्य पीकच बुडते. मेंढानराचेही तसेच आहे. तापानंतर त्याच्या वीर्याची प्रत काही काळ घसरते आणि विषाणू वीर्यातूनही जाऊ शकतो. २५-३० माद्यांमागे एकच नर असेल आणि तो अशा वेळी निकामी ठरला, तर मेंढपाळ दोष माद्यांना देत बसतो.

हा रोग एका मेंढीच्या स्पर्शाने दुसरीला होत नाही, आणि माणसाला तर होतच नाही. तो चिलटाच्या चाव्यातून होतो. ही चिलटे डासापेक्षाही बारीक असून शेण व चिखल यांच्या राड्यात वाढतात आणि दिवेलागणीला व पहाटे अधिक चावतात. गाईबैलांच्या रक्तात हा विषाणू कोणतेही लक्षण न दाखविता कित्येक आठवडे टिकून राहतो. आपल्या देवणी गाई-बैलांचा गोठा धडधाकट दिसतो, पण त्याच्या मागील शेणाच्या डबक्याशेजारी मेंढ्यांचा वाडा घातला, तर चिलटांना एका ठिकाणी बाळगणारे जनावर आणि दुसऱ्या ठिकाणी आजारी पडणारे जनावर असे दोन्ही सापडते. शेतात मेंढ्या बसविणाऱ्या शेतकरी बंधूंनी ही गोष्ट अवश्य ध्यानात घ्यावी. वाघूर लावण्यासाठी शक्यतो उंच, कोरडी व वाऱ्याची जागा द्यावी. सायंकाळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर केल्यास चिलटांचा उपद्रव काही अंशी कमी होतो. जुन्या लोकांची ही चाल मोडू नये.

आजारी मेंढीवर या विषाणूचे नेमके औषध नाही. परंतु शुश्रूषेने पुष्कळ जनावरे वाचतात आणि मागाहूनचे नुकसानही कमी होते. तिला उन्हात हिंडवू नये, सावलीत ठेवावे. पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्याने तोंड धुवावे, मऊ हिरवा पाला व पातळ पेज समोर ठेवावी. घशाला सूज असताना नळकांड्याने बळेच पाजण्याची रीत मात्र सोडून दिली पाहिजे. पाजलेले फुप्फुसात जाऊन जी मेंढी रोगाने मेली नसती ती उपचाराने मरते. फुप्फुसदाह होऊ नये म्हणून द्यावयाची औषधे पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडूनच घ्यावीत. सर्वांत कष्टाचे हे काम तळावर मागे राहणाऱ्या मेंढपाळ भगिनीच करतात. कोणती मेंढी कधी खायची थांबली, कोणते कोकरू उपाशी आहे, हे त्यांना बिनचूक ठाऊक असते. कळपाची विचारपूस करणाऱ्या कार्यकर्त्याने धन्याइतकेच त्यांच्याशीही बोलावे.

एकदा रोग येऊन गेला म्हणजे कळप कायमचा सुरक्षित झाला, असेही नाही. या विषाणूचे दोन डझनांहून अधिक प्रकार आहेत आणि एका प्रकाराविरुद्ध आलेली शक्ती दुसऱ्याला पुरी पडत नाही. भारतात त्यांपैकी वीसहून अधिक प्रकारांच्या खुणा सापडल्या आहेत. २०१५ साली आपल्या देशात पाच प्रकारांविरुद्धची एकत्रित मृत लस उपलब्ध झाली. ती टोचावयाची तर पावसाळ्यापूर्वी टोचली पाहिजे. चेहरे सुजल्यानंतर दवाखान्यात धाव घेऊन तिचा लाभ होत नाही. मेंढ्यांची देवी आणि पीपीआर, ज्याला आपण शेळ्यामेंढ्यांतील बुळकांडी म्हणतो, यांच्या लसीही चुकवू नयेत. पीपीआरची एक टोचणी किमान तीन वर्षे पुरते. गुरांची बुळकांडी लसीच्याच बळावर २०११ साली जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले, आणि २०३० पर्यंत पीपीआरचेही तसेच करण्याचा जगभरच्या संस्थांचा संकल्प आहे.

वर्षानुवर्षे दडून राहणारे रोग

निळी जीभ निदान ताप तरी दाखविते. विषाणूंचा दुसरा एक वर्ग असा आहे की तो जनावराच्या शरीरात शिरल्यावर दोन-दोन, तीन-तीन वर्षे काहीच कळू देत नाही. मेंढी चरते, फळते, विते. आणि तिच्या दुधातून तो कोकराकडे जातो. या वर्गाची ओळख जगाला एका थंड प्रदेशातील दुर्दैवी अनुभवाने झाली. तो प्रदेश आपल्यापासून फार दूर असला, तरी अनुभव आपल्या उपयोगाचा आहे.

आइसलँड या बेटाने आपल्या मेंढ्यांची सुधारणा करण्यासाठी १९३३ साली जर्मनीतून कॅराकुल जातीची २० जनावरे आणली. ती दोन महिने विलग ठेवली, तेव्हा ती सर्व निरोगी दिसली. मग ती निरनिराळ्या भागांतील कळपांत वाटण्यात आली. काही वर्षांनी प्रौढ मेंढ्यांना धाप लागू लागली, त्या झिजू लागल्या, काहींचे मागील पाय लुळे पडले. तेथील लोकांनी धापेच्या रोगाला मेदी व झिजण्याच्या रोगाला विस्ना ही नावे दिली. त्यांच्या भाषेत या शब्दांचे अर्थच धाप आणि वाळणे असे आहेत. आपला मेंढपाळ ‘मेंढी वाळली’ म्हणतो, तसेच ते. पुढे कळले की ही एकाच विषाणूची दोन रूपे होत. लाखाहून अधिक मेंढ्या मेल्या. औषध नव्हते, लसही नव्हती. अखेर सुमारे साडेसहा लाख मेंढ्या कापून, कुरणे काही काळ मोकळी ठेवून, निरोगी भागांतील कोकरे आणून कळप पुन्हा उभे करावे लागले. शेवटचा रोगी १९६५ साली आढळला. या रोगाचा अभ्यास करणारे बियर्न सिगुर्डसन यांनी १९५४ साली अशा संथ संसर्गांची कल्पना मांडली. मानवातील एड्सचा विषाणूही याच गटातला आहे, हे फार पुढे उमगले. मेंढीचा हा रोग मात्र माणसास होत नाही.

याच कॅराकुल मेंढ्यांबरोबर दुसराही एक फुप्फुसाचा रोग त्या बेटावर गेला होता. त्याला याखसिक्ते म्हणतात. दक्षिण आफ्रिकेतील भाषेतल्या या शब्दाचा अर्थ पाठलागाचा आजार असा आहे, कारण रोगी मेंढी कोणी पळवत आणल्यासारखी धापा टाकते. विषाणूमुळे फुप्फुसात गाठी वाढतात व तेथे पाणी साचते. पुढे गेलेल्या रोगात मेंढीचे मागील पाय किंचित उचलून डोके खाली केले, तर नाकातून फेसाळ पाणी वाहते. पण हे पाहण्यासाठी मरणोन्मुख मेंढीस उलटे टांगण्याची गरज नाही. चरताना मान खाली घातली असताही ते दिसून येते.

हे दोन्ही रोग केवळ परदेशचे नव्हेत. भारतातही याखसिक्तेची नोंद झालेली आहे, आणि मेदीच्या गटातील विषाणूविरुद्धची प्रतिद्रव्ये काही ठिकाणच्या मेंढ्यांच्या रक्तात आढळली आहेत. लातूरच्या प्रत्येक वाळलेल्या मेंढीत हे रोग शोधावेत असा याचा अर्थ नाही. परंतु तीन-चार वर्षांच्या, दात शाबूत असलेल्या, जंतांचे औषध दिलेल्या मेंढ्या हिरव्या चाऱ्यावरही झिजत असतील आणि ताप नसताना धापा टाकत असतील, तर तपासणी केल्याशिवाय त्यांना ‘चाऱ्याची मेंढी’ म्हणून सोडून देऊ नये. अशा मेंढीचे कासही पुष्कळदा कठीण व कोरडे असते. ती स्वतः मरण्यापूर्वी दोन-तीन वेतांची कोकरे खुरटवून जाते.

आइसलँडच्या गोष्टीतील बोचणारा भाग आपण विसरू नये : दोन महिन्यांचे विलगीकरण त्या लोकांनी केले होते. नवे जनावर महिनाभर वेगळे बांधण्याचा आपला नियम पीपीआर, देवी यांसारख्या लवकर प्रकट होणाऱ्या रोगांना पकडतो, म्हणून तो पाळलाच पाहिजे. संथ रोगांना तो पकडू शकत नाही. तेथे जनावराकडे पाहून भागत नाही, ते ज्या कळपातून आले त्या कळपाकडे पाहावे लागते. हाळी-हंडरगुळीचा बाजार असो, की नांदेड जिल्ह्यातील माळेगावची यात्रा असो, अनेक जिल्ह्यांतील आणि शेजारच्या राज्यांतील जनावरे तेथे एकत्र येतात. विकणाऱ्याचा कळप कोठे आहे, त्यातील म्हाताऱ्या मेंढ्या कशा आहेत, हे विचारल्याशिवाय विशेषतः मेंढानर घेऊ नये. २०१७ साली सुरू झालेल्या राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत २० मेंढ्या व १ नर असा गट देण्याची तरतूद झाली. अशा कोणत्याही योजनेतून गट गावात आला, की तो त्याच दिवशी जुन्या कळपात मिसळला जाणार नाही हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी जातीने पाहावे, आणि शक्य तेथे रक्ततपासणीचा आग्रह धरावा.

वही आणि नमुना

शंभर मेंढ्यांतील प्रत्येक मेंढीचा चेहरा, तिची आई आणि तिची वेते मेंढपाळाच्या ध्यानात असतात. तेव्हा त्याला नोंदीचे महत्त्व शिकवावयास जाणे हे जरा धाडसाचेच होय. वही त्याच्या डोक्यात आहेच; ती कागदावर उतरविण्यास मदत हवी. घरातील शाळेत जाणारा मुलगा किंवा मुलगी हे काम आनंदाने करील. मेंढीची खूण, फळल्याचा महिना, व्याली की गाभडली, कोकरू तीन महिन्यांचे झाले का आणि तेव्हा काट्यावर किती भरले, एवढेच लिहावे. दोन वर्षांच्या अशा नोंदीत ज्या मेंढ्यांची नावे पुन्हापुन्हा ‘गाभडली’ किंवा ‘कोकरू मेले’ या रकान्यांत येतील, त्यांना तपासणीसाठी पुढे काढावे. तपासणी होईपर्यंत त्यांची कोकरे पैदाशीसाठी राखू नयेत.

कळपात गाभडण्याचे प्रमाण एकाएकी वाढले, चेहरे सुजले वा लंगडणारी जनावरे दिसू लागली, तर तळ हलविण्यापूर्वी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय असल्यामुळे या जिल्ह्याला तज्ज्ञांचा सल्ला जवळच मिळू शकतो. राज्याची रोग अन्वेषण प्रयोगशाळा पुण्यास औंध येथे आहे. निळ्या जिभेचा विषाणू शोधावयाचा, तर ताप असतानाच न गोठणारे रक्त घ्यावे लागते. ते बर्फावर थंड ठेवावे, पण गोठू देऊ नये. संथ रोगांसाठी रक्तजल, आणि मेंढी मेली असल्यास फुप्फुसाचा तुकडा उपयोगी पडतो. तो दवाखान्यातील अधिकाऱ्यांनी काढावा. गाभडलेला गर्भ व वार मेंढपाळाने उघड्या हातांनी हाताळू नयेत, कारण गाभडण्याच्या काही इतर रोगांची बाधा माणसालाही होते. नमुन्याच्या चिठ्ठीवर गाव व तारखेबरोबरच कळप मागील दोन महिन्यांत कोणकोणत्या गावी बसला होता, त्या शेतांत गुरांचा गोठा होता काय, शेवटची लस कोणती व केव्हा टोचली आणि किती माद्या गाभण आहेत, हेही लिहून पाठवावे.